चादरकाका

उरण नाक्याजवळच्या एका गाळ्यातल्या काचेच्या कपाटावर पांढरी चादर पडली, की पनवेलपासून उरणपर्यंतच्या निम्मे फोटोग्राफर कपाळाला हात लावायचे आणि उरलेल्या निम्म्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. ज्यांना आपला जुना कॅमेरा विकायचा होता ते पहिले, ज्यांना कोणाचा तरी जुना स्वस्तात उचलायचा होता ते दुसरे. फोनाफोनी सुरू व्हायची. "काकांनी चादर टाकली का?" एवढंच विचारायचं. समोरचा 'हो' म्हणाला की पुढे काही बोलावं लागत नसे. कुठल्यातरी कंपनीने नवशिक्यांसाठी नवा स्वस्त कॅमेरा आणलाय आणि आपल्या गळ्यातला आजपासून जुना झालाय, हे त्या 'हो'मध्ये सगळं आलं. त्या चादरीवरूनच दुकानाच्या मालकांना चादरकाका हे नाव पडलं. त्यांचं खरं नाव फक्त लाईटबिलावर होतं.

काका आमच्या पनवेलचे इस्रायली. म्हणजे बेने इस्रायल ह्या मराठी ज्यू समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, आडनावाला गावाचं नाव आणि शेवटी 'कर' लावणारे. "तुम्ही मराठी फार छान बोलता हो," असं कोणी कौतुकाने म्हणालं, की ते तितक्याच कौतुकाने "तुम्हीपण" म्हणायचे. बंदरात कारकुनी करून निवृत्त झाले आणि निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात घातले. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. नातेवाईक तरी किती उरले होते म्हणा! बहुतेक सगळे कधीच इस्रायलला गेले होते. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायला काका लवकर शटर ओढायचे आणि शनिवारी दुकान बंद. शनिवारी कॅमेरा बिघडलेल्या नवरदेवाकडच्या फोटोग्राफरने कितीही बोंब मारली तरी बंद म्हणजे बंद.

दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने पायरीवरून बोलायचं. एका अंगाला ते काचेचं कपाट, त्याच्या पाठीला आरसा. आरशामुळे कॅमेऱ्याची पाठ दिसायची, शिवाय घेणाऱ्याला स्वतःचं तोंडही दिसायचं. कपाटापलीकडे दोन खुर्च्या, एक काकांची आणि एक फ्लोराकाकूंची. दुकान काकांचं असलं तरी धंदा काकूंचा होता. "हा गिऱ्हाइकाला चहा पाजतो, कॅमेऱ्याचे सगळे दोष सांगतो आणि हात हलवत परत पाठवतो," असं त्या काकांच्या देखत सांगायच्या. स्वतः मात्र पन्नास रुपयांसाठी अर्धा तास किल्ला लढवायच्या. भाव पक्का झाला की घाम पुसून काकांकडे अशा बघायच्या, की ते बिचारे लगेच चहाचे कप गोळा करायला लागायचे.

मी पहिल्यांदा गेले ती नेमकी चादरीच्या दिवशी. हळदी-साखरपुड्यांचे फोटो काढायचा धंदा सुरू करायचा होता आणि नवा कॅमेरा काही परवडत नव्हता. चादर बघून मी विचारलं, "रंगकाम काढलंय का काका?"

"नाही गं पोरी. गेला एक."

"कोण गेला?"

त्यांनी चादरीचा कोपरा उचलून आतला एक कॅमेरा दाखवला. "हा. काल संध्याकाळपर्यंत चांगला होता."

ते आता हसतील म्हणून मी थांबले. ते हसले नाहीत. "आमच्यात घरात मरण झालं की आरसे झाकतात," ते म्हणाले. "ह्या कपाटाला मागे आरसा आहे. मग झाकायला नको?" मी काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळे मिटून मान हलवली, म्हणजे ह्यांचं हे असंच आहे, तू मनावर घेऊ नकोस. मी तोच कॅमेरा घेतला. बिल करताना काकू म्हणाल्या, "मेलेला आहे म्हणून आणखी कमी मागू नकोस. अंगाने धडधाकट आहे." तो खरंच धडधाकट निघाला. माझा संसार उभा राहिला तो त्या कॅमेऱ्यावर.

पुढे माझी त्या दुकानात ऊठबस वाढली आणि काकांचं तत्त्वज्ञान मला तोंडपाठ झालं. "एन्ट्री लेव्हलचा, नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांचा बाजार म्हणजे जिना," ते सांगायचे. "वरच्या पायरीवर नवा येऊन बसला, की खालच्या सगळ्यांनी एकेक पायरी उतरायची. सगळ्यात खालच्याला पायरीच उरत नाही, तो जमिनीवर." महागड्या कॅमेऱ्यांना हा रोग नाही असं त्यांचं म्हणणं. तिथे घेणारा जाणता असतो, त्याला घाई नसते. नवशिक्याला फरक कळत नाही, म्हणून त्याला जे सगळ्यात नवीन तेच हवं असतं. मग कालपर्यंत ज्या कॅमेऱ्यासाठी दोघं भांडत होते, त्याच्याकडे आज कोणी ढुंकून बघत नाही. "आणि ह्याचा गुन्हा काय? कपाटात गप बसला होता. फोटो तर आजही तोच काढतो," असं म्हणताना त्यांचा आवाज खरंच हलायचा. मला हसू फुटायचं आणि ते लपवायला मी रस्त्याकडे बघायचे.

गंमत इथपर्यंतच होती. कारण काका चादर टाकायचे ती नवा कॅमेरा आल्यावर नव्हे, यायच्या आधी. कधी आदल्या दिवशी, कधी त्याच्याही आधी. चादर पडायची, आम्ही सगळे फोनवर शोधायचो, तर कुठे काही नाही. आणि मग बातमी यायची.

मी भुताखेतांना मानत नाही. लहानपणी आमच्या गावच्या विहिरीवर हडळ आहे म्हणायचे, तर मी बॅटरी घेऊन बघायला गेले होते आणि एक बेडूक बघून परत आले होते. त्यामुळे काकांना मुंबईचा कोणीतरी व्यापारी आधी खबर देत असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तसं त्यांना विचारलंही. काकांनी खिशातला आपला बटणांचा फोन काढून माझ्यासमोर ठेवला. "बघ, कोणाकोणाचे फोन येतात ते. काकू बाजारात गेली की तिचा, आणि उधारीवर बॅटरी मागायला हिरामणचा." हिरामण म्हणजे गव्हाणचा आगरी फोटोग्राफर, आवाज लाउडस्पीकरसारखा, आमच्या सगळ्यांचा बातमीदार.

"मग कळतं कसं तुम्हाला?"

"थंड पडतो," काका म्हणाले.

सकाळी शटर वर केलं की काका आधी कपाट उघडून प्रत्येक कॅमेऱ्यावर तळवा ठेवायचे. आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, हलका. ते धूळ झटकतात असं मला वाटायचं. एकदा मे महिन्यात मी दुकानात असताना त्यांनी मला बोलावलं, माझा हात धरला आणि एका कॅमेऱ्यावर ठेवला. बाहेर डांबर वितळत होतं आणि दुकानातला पंखा गरम वारा फेकत होता. शेजारचे सगळे कॅमेरे कोमट लागले. तो एकटा गार होता. माठाला हात लावल्यावर लागतो तसा ओलसर गार. मी हात मागे घेतला. काकू खुर्चीतून उठल्या आणि काही न बोलता चादरीची घडी काढून दिली. दोन दिवसांनी त्या कॅमेऱ्याची जागा घेणारा नवा आला. शेजारच्या मेडिकलवाल्याचा एसी भिंतीतून लागत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मेडिकल दुसऱ्या बाजूला होतं, ही गोष्ट मी स्वतःला सांगितली नाही.

चादरीच्या दिवशी दुकानात एक नियम होता. कॅमेरा विकत घ्या, पण तपासायला माणसाचा फोटो काढायचा नाही. रस्त्याचा काढा, भिंतीचा काढा. हल्लीच्या कॅमेऱ्यांना समोर चेहरा दिसला की मागच्या पडद्यावर ते त्याच्याभोवती एक छोटा चौकोन आखतात. एका गिऱ्हाइकाने हा नियम न जुमानता कॅमेरा दुकानात फिरवला, तर चौकोन उमटला चादरीवर. मी स्वतः पाहिलं. कापडाच्या घड्यांत कॅमेऱ्याला डोळे-नाक दिसतं, हे मला ठाऊक होतं. हळदीच्या मांडवात तो कधी नारळाला चौकोन घालतो, कधी कलशाला. मी तसं सांगून गिऱ्हाइकाला हसवलं. काका हसले नाहीत. "आपल्याला घड्या दिसतात. त्याला काय दिसतं ते त्यालाच विचारायला पाहिजे," एवढंच म्हणाले.

मग फ्लोराकाकू गेल्या. म्हणजे इस्रायलला गेल्या, अश्दोदला, त्यांच्या मुलीकडे. रीनाचं बाळंतपण होतं. तीन महिन्यांत येते म्हणून गेल्या, आणि तिथे त्यांचं हृदय दुखणं काढून बसलं. डॉक्टरांनी विमानात बसायला बंदी केली. म्हणजे आता काकूंना येता येणार नव्हतं. जायचं तर काकांनीच जायचं होतं.

आणि काका निघत नव्हते. "हा स्टॉक मोकळा झाला की निघतो," हे त्यांचं उत्तर. कारण काय, तर जावयाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊन त्याच्या भाकरीवर बसणार नाही. आयुष्याची पुंजी त्या कपाटात होती. ती योग्य भावाने सोडवायची, चार पैसे घेऊन मानाने जायचं. रोज दिवेलागणीला काकूंचा फोन यायचा. काकांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन स्पीकरवर असायचा, आणि मग आम्हा सगळ्यांसमोर तो संवाद व्हायचा.

"कधी येतोस?"

"थोडाच माल राहिलाय."

"मागच्या महिन्यात पण थोडाच होता."

"मधे नवा आला ना गं एक. सगळ्यांचे भाव बसले. आत्ता विकला तर तोटा."

"मग आणखी एक येईल. मग?"

काकूंचा हिशेब नेहमीसारखा बरोबर होता. काका भाव चढायची वाट बघायचे आणि जुन्या कॅमेऱ्याचा भाव कधी चढत नसतो. जिन्यावर वर जाणाऱ्याला बंदीच आहे, हे त्यांनीच मला शिकवलेलं. दर नव्या कॅमेऱ्यागणिक त्यांचं विमान लांब जात होतं आणि फोनवरचा काकूंचा श्वास आखूड होत होता. आधी त्या एका दमात भांडायच्या; नंतर वाक्याच्या मध्ये थांबायला लागल्या. मी काकांवर चिडले. म्हटलं, "काका, कपाटाला कुलूप लावा आणि जा. कॅमेरे काही तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले नाहीत." ते म्हणाले, "तुला जावई नाही अजून." मला त्या दिवशी त्यांचा खरंच राग आला. शहाणा माणूस, पण अभिमान आडवा आला की शहाणपण गुंडाळून ठेवतात सगळे.

काकूंची खुर्ची मात्र तिथेच होती. दुकानात कितीही गर्दी झाली तरी काका त्या खुर्चीवर कोणाला बसू देत नसत. आम्हीही बसायला जात नव्हतो.

मग तो दिवस उजाडला. सकाळीच हिरामणचा फोन. "ताई, काकानी चादर टाकली. येतंस का? आमी सगली निंगालो." मी पोहोचले तर गाळ्यासमोर ही गर्दी. लग्नसराई तोंडावर होती आणि उरण, जासई, गव्हाण, सगळीकडचे फोटोग्राफर स्वस्तातला दुसरा कॅमेरा उचलायला आले होते. नवा कोणता येतोय, कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारतही नव्हतं. चादर पडली म्हणजे भाव पडले, एवढा आमच्या सगळ्यांचा विश्वास.

काकांचा चेहरा बघून मी आत शिरले. ते उभे होते आणि त्यांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, जणू ते त्यांचे नव्हतेच. "आज सगळेच," ते मला हळूच म्हणाले. "एकूण एक. सकाळी हात लावला तर सगळे गार. असं कधीच झालं नव्हतं." मी चादरीखाली हात घातला. एक, मग दुसरा, मग खालच्या फळीवरचा. बोटं बधिर झाली. मी पुढचे बघितले नाहीत.

"काहीतरी मोठं येतंय पोरी," काका म्हणाले. "असं काही येतंय की ह्यातला एकही उद्या कोणी फुकट घेणार नाही."

"काका, रेट काय लावताव?" हिरामण पायरीवरून ओरडला.

आणि ज्या माणसाने इतके महिने भावासाठी बायकोपासून लांब राहणं पत्करलं होतं, तो म्हणाला, "द्या काय द्यायचं ते."

मग झुंबड उडाली. मी नाइलाजाने काउंटरला उभी राहिले, कारण काका नुसते मान हलवत होते. कोणी काहीही भाव सांगो, मान हो म्हणत होती. जासईच्या एका पोरीने एक कॅमेरा हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, तपासून द्या ना." त्या गडबडीत चादरीच्या दिवसाचा नियम मी विसरले. कॅमेरा चालू केला आणि दुकानाच्या आतल्या बाजूला धरला.

पडद्यावर चौकोन उमटला. काकांच्या चेहऱ्यावर नव्हता, ते तर पाठमोरे होते. चौकोन त्यांच्या शेजारच्या, काकूंच्या रिकाम्या खुर्चीवर होता. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येतं, त्या उंचीला. मागे कोरी भिंत होती, पिवळ्या डिस्टेंपरची. तिथे ना चादर होती ना घड्या. मी कॅमेरा डावीकडे वळवला, चौकोन खुर्चीबरोबर कडेला सरकला. पुन्हा सरळ धरला, पुन्हा तिथेच. मग मी दुसरा कॅमेरा घेतला, वेगळ्या कंपनीचा. त्यानेही तिथेच चौकोन आखला.

"चांगला आहे ना?" पोरीने विचारलं.

"चांगला आहे. घे," मी म्हटलं आणि कॅमेरा बंद करून तिच्या हातात दिला. काकांना मी काही सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं झालं. गर्दी पांगली. मी आणि काका उरलो, आणि हिरामण, बॅटऱ्यांचे चार्जर शोधत. काकांनी पैसे मोजलेही नाहीत. दिवेलागणीला फोन वाजला, तेव्हा ते इतके दचकले की फोन खालीच पडला. तो मी उचलून स्पीकरवर ठेवला. काकूंचा आवाज ऐकल्यावर मला फार बरं वाटलं.

"बरी आहेस ना?" काकांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"मला काय धाड भरलीय? तूच सांग, तू बरा आहेस ना?"

"मी बरा आहे."

"खरं सांग."

"खरंच बरा आहे. का गं?"

काकूंनी दम घेतला. मग म्हणाल्या, "आज सकाळी उठले आणि इथल्या कपाटाचा आरसा झाकून टाकला. पांढरा पलंगपोस घेतला आणि टाकला. रीना ओरडली, आई काय करतेस, घरात सगळे जिवंत आहेत ना! मी म्हटलं हो गं. पण हात आपोआप गेला. दिवसभर तुझाच विचार मनात. फोन लावायची भीती वाटत होती."

काकांनी समोरच्या कपाटाकडे बघितलं. रिकाम्या कपाटावर चादर होतीच, काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. आपल्या चादरीबद्दल ते काकूंना एक अक्षर बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "फ्लोरा, मी येतो."

"माल?"

"विकला."

मग रीना फोनवर आली आणि म्हणाली, "बाबा, आई रडतेय. काय सांगितलंत तिला?"

फोन ठेवून काका माझ्याकडे वळले. "भाव नव्हता तो पोरी," ते म्हणाले. "इतकी वर्षं हात लावतोय, आणि आजच्या गारठ्याला मी भाव समजलो." हिरामणने हातातला चार्जर खाली ठेवला आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. हिरामणने स्वतःची गाडी काकांच्या दाराशी लावून ठेवली होती. कागदपत्रं म्हणू नका, तिकीट म्हणू नका, सगळीकडे तोच. काकांनी निघायच्या आधी घरी मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं, असा त्यांच्याकडचा नवसाचा प्रसाद. काकूंना भेटू दे एवढंच मागणं होतं. त्या दिवशी स्वस्तात कॅमेरे उचललेले सगळे फोटोग्राफर आले आणि खाली मान घालून पोहे खाऊन गेले. एकदोघांनी पाकिटं पुढे केली. काकांनी ती परत त्यांच्या खिशात घातली. "तुम्ही घाई केली नसतीत तर मी अजून इथेच असतो," ते म्हणाले. विमानतळावर हिरामण त्यांच्या पाया पडला आणि उठताना म्हणाला, "काका, काकूला सांगा, आमी हाव." काका आत गेले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही आणि आम्हीही हाक मारली नाही.

त्या आठवड्यात कुठलाही नवा कॅमेरा आला नाही. पुढेही आला नाही. मग हळूहळू कानावर आलं की आता लोक फोनवरच फोटो काढतात, नवशिक्यांसाठीचे स्वस्त कॅमेरे काढण्यात कंपन्यांना रस उरलेला नाही. हिरामण म्हणाला, "बघ ताई, म्हंजे चादर बरोबरच व्हती. सगल्या कॅमेऱ्यांच्या जातीचीच व्हती ती." मला हे कारण फार आवडलं. मी ते घट्ट धरून ठेवलं, कारण त्यात खुर्ची नव्हती आणि अश्दोदचा आरसा नव्हता.

एका दुपारी काकांचा फोन आला. दुपारी त्यांचा फोन कधी येत नसे. "फ्लोरा गेली," ते म्हणाले. आवाज शांत होता. ते सांगत राहिले. महिनाभर मिळाला म्हणाले. सकाळी दोघं बाल्कनीत बसायची, समुद्र दिसतो थोडासा, काकू म्हणायच्या आपल्या उरणचा बरा. जावई भला माणूस निघाला, त्याला मुळी ह्यांच्या पैशाची पर्वाच नव्हती. आणि तो पलंगपोस अजून आरशावर आहे. काकूंनी काढू दिला नव्हता. म्हणायच्या, तो मी तुझ्यासाठी टाकलाय, मला कळत नाही का. राहू दे तसाच, मी असेपर्यंत तरी राहू दे. आता रीना काढायला गेली तर काकांनी अडवलं. "सात दिवस तर ठेवायचाच असतो," ते म्हणाले. "पुढचं बघू." मला त्यांना विचारायचं होतं, की तो पलंगपोस तुमच्यासाठी असेल अशी भीती वाटते का. विचारलं नाही. तेच म्हणाले, "भीती नाही वाटत गं. वेळेवर पोचलो ना."

मग थोडं थांबून त्यांनी शेवटची गोष्ट सांगितली. जायच्या आदल्या दिवशी काकूंनी त्यांना जवळ बोलावलं होतं. बोलायला त्रास होत होता, तरी धंद्याचं विचारायचं राहिलं होतं म्हणे.

"म्हणाली, सगळा माल विकलास ना? म्हटलं, सगळा. म्हणाली, तोट्यात? म्हटलं, हो. किती? मी खरा आकडा सांगितला. पोरी, तुला माहितेय ना ही कशी पन्नास रुपयांसाठी भांडायची. मला वाटलं आता बोलणी बसणार. मी मान खाली घातली. तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, माझ्यासाठी एवढा तोटा आजवर कोणी केला नव्हता."